किडा चिरडू नका

आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात ती चपलेला धरून बसते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दसऱ्याच्या सुमाराला अर्ध्या मैदानावर कुणाचं तरी सोयाबीन वाळत असतं. बेसबॉलला जागा मिळते ती दिवाळीनंतर, आणि तेव्हा नेमकी कापसाची वेचणी असते. म्हणजे मैदान आहे तर पोट्टे नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला बेसबॉल शिकवायचा म्हणजे असं.

मी मूळचा खो-खोवाला. टीम काढायचं ठरलं तेव्हा एका शिबिराला जाऊन आलो आणि तिथून आणलेलं एक वाक्य सहा वर्षं पोरांच्या कानात ओतत राहिलो: ‘मागच्या पायाखाली किडा आहे, तो चिरड.’ पंजा जमिनीत रुतवून टाच फिरवली की कंबर फिरते, असा त्यामागचा हिशोब. पोरांना ते एका झटक्यात कळलं. ज्यांच्या घरचा कापूस बोंडअळीनं खाल्ला होता ती तर फारच मनापासून चिरडायची.

पाय छान फिरायचा, पण बॉल जायचा नाही. एक तर पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, पायाशी घरंगळायचा नाही तर सरळ आभाळात. मग मी ओरडायचो, “जोर लाव!” जोर लावला की हात आणखी लांब पसरायचे आणि बॅट भलत्याच लांबून फिरून यायची.

मागच्या हिवाळ्यात आठवीतल्या एका पोरीचं स्विंग, म्हणजे बॅट फिरवणं, आमच्या गणिताच्या सरांनी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात आणि आख्खं स्विंग साधारण ०.१५ सेकंदात आटोपतं. म्हणजे हाती लागणार चार-पाच चित्रं, त्यातही बॅट म्हणजे नुसता धुरळा. २४० च्या स्लो मोशनमध्ये तेच स्विंग ३६ चित्रांत दिसलं. आम्ही दोघं ते स्टाफरूममध्ये पुढं-मागं करत बसलो. चहा गार झाला.

पोरीचा मागचा पाय जमिनीत खिळा ठोकल्यासारखा होता. अंगाचं वजन त्याच पायावर, बॉल लागतानासुद्धा. कंबर आणि खांदे एकदमच फिरत होते, दार उघडावं तसे. आणि ती तर सांगितलेलं सगळं चोख करत होती! चूक पोरीची नव्हती, माझ्या किड्याची होती.

खरा क्रम असा असतो. पुढचा पाय टेकतो आणि तो गुडघा ताठ होत अंगाला अडवतो. त्या अडण्यातून कंबर फिरायला लागते, खांदे क्षणभर मागंच राहतात. कमरेवर पीळ बसतो, तो सुटताना छाती फिरते, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बॅटचं टोक. मागची टाच उचलली जाते ती वजन तिथून निघून गेल्यामुळे. मोठ्या खेळाडूंचा मागचा पाय बॉल लागतो त्या वेळी बोटांवर जेमतेम टेकलेला असतो, काहींचा तर हवेतच. मी टाच फिरवून कंबर फिरवायला निघालो होतो. बैलगाडी बैलाच्या पुढं.

हे एवढं कशाला, तर वेळ नसतो म्हणून. पिचरपासून होम प्लेट, म्हणजे बॅटवाला उभा असतो ती जागा, १८.४४ मीटर. ताशी १४५ किलोमीटरनं टाकलेला बॉल सुमारे ०.४ सेकंदात येतो. आमच्या तालुक्यातला पिचर टाकतो तोही पाऊण सेकंदाच्या आतच पोचतो. स्विंग जेवढं आखूड, तेवढा बॉल जास्त वेळ बघता येतो, मारायचा की सोडायचा हे ठरवता येतं. लांब फिरणाऱ्या बॅटला आधीच निघावं लागतं, म्हणजे अंदाजपंचे.

मी आणखी एक खूळ सांगत असे, ‘वरून खाली मार’. पिचर १० इंच उंचवट्यावरून टाकतो, बॉल उतरत येतो, मग बॅट किंचित चढती हवी. १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीनं, म्हणजे दहातले चार फटके यशस्वी, मारणारे अमेरिकेचे टेड विल्यम्स हेच सांगून गेले. मला ते पोचायला एवढी वर्षं लागली.

क्रिकेटच्या सवयींचं तर विचारूच नका. बेसबॉलमध्ये फटका बसला की बॅट टाकून फर्स्ट बेसकडे, पहिल्या टप्प्याकडे, पळायचंच असतं. आमचे पोट्टे पळायचं की नाही म्हणून समोर बघतात, आणि पळालेच तर बॅट हातात घेऊन, फर्स्ट बेसवर टेकवतात!

आता शब्द कमी केले. तारेच्या कुंपणावर एक जुनं लुगडं टाकलंय. बॅटचं एक टोक बेंबीला लावायचं, दुसरं लुगड्याला टेकेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं आणि त्याला न लागता बॅट फिरवायची. हात पसरले की लुगडं लगेच बोलतं. दुसरं साधन तुराटी. फांद्या छाटलेली सरळ तुरीची काडी बॅटसारखी धरून फिरवायची आणि नुसतं ऐकायचं. ‘सुंई’ असा आवाज निघतो, तो पुढच्या पायाच्याही पुढं निघाला पाहिजे.

“सर, माही त मांगंच वाजून राहिली ना.”

“मांगं वाजली म्हणजे जोर तिथंच सांडला. बॉल यायचाच आहे अजून.”

ही आठवीतलीच पोट्टी. आठ दिवस तिनं बॅट धरलीच नाही, शाळेत येताना-जाताना काडी फिरवत राहिली. तिच्या आईनं मला विचारलं, “सर, हे काय भूत-बित उतरवून राहिली का?” नवव्या दिवशी टीवर, म्हणजे बॉल ठेवून मारायच्या खांबावर, बॉल ठेवला. आमची टी म्हणजे तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला लोखंडी पाइप, त्यावर मोटारपंपाची रबरी नळी. आधी सरकी भरलेले मोजे मारायला दिले, मग लेदरचा बॉल. तो पिचरच्या डोक्यावरून सरळ गेला आणि पलीकडच्या तुरीत शिरला. शोधायला अर्धा तास गेला, कारण लेदरचे बॉल आमच्याकडे सहाच आहेत.

सध्या भानगड वेगळी आहे. टीवर ती झकास मारते, पण पिचरनं मुद्दाम हळू टाकला की तिची कंबर आधीच सुटते आणि हातात काहीच उरत नाही. पाय टेकव पण कंबर अडवून धर, हे कसं सांगायचं ते अजून जमत नाहीये. या रविवारी एक मोजा जोरात, एक हळू, असं न सांगता टाकून बघणार आहे. तिच्या घरची वेचणी उरकली तर.