आठ लिंका आणि गळ्यातला कोड

प्रशिक्षण दहाला सुरू होणार होतं आणि सव्वानऊपासूनच माझा फोन वाजायला लागला. तक्रार सगळ्यांची एकच. "मॅडम, स्कॅन केलं, पण एकच पान उघडतंय. बाकीचं कुठंय?"

आमच्या प्रशिक्षणांची तांत्रिक बाजू मी बघते. लोक आपापल्या केंद्रांवर जमतात, व्याख्यान पडद्यावर होतं. या वेळी ओळखपत्रं आणि त्यांच्यावरचा क्यूआर कोड बाहेरच्या कंपनीने केला होता. वेळापत्रक, मीटिंग, हजेरी, तीन पीडीएफ, चाचणी, अभिप्राय अशा आठ लिंका एकाच छोट्या लिंकमागे बांधलेल्या. कल्पना चांगलीच आहे. मेसेजमध्ये आठ लिंका पाठवल्या की लोक पहिली उघडतात आणि उरलेल्यांसाठी मला फोन करतात.

मी स्वतः स्कॅन करून पाहिलं. पांढरं पान, वर कसलीतरी जाहिरात, मधोमध मोठं बटण: 'सर्व उघडा'. दाबलं. वेळापत्रक उघडलं आणि तळाशी एक पट्टी क्षणभर दिसून गेली, पॉप-अप अडवल्याची. एका क्लिकला ब्राउझर साधारण एकच नवा टॅब उघडू देतो, पुढचे सगळे आगंतुक समजून अडवतो. हा नियम जाहिरातवाल्यांना आवरायला आला, त्यात ही साधनंही सापडली. संगणकावर पत्त्याच्या पट्टीत खूण दिसते, तिथून परवानगी देता येते. फोनवर ती पट्टी वाचतो कोण? मला तर लिंकांची नुसती यादी दाखवणारी साधनंच बरी वाटतात. सगळं एकदम उघडून कुणाला हवं असतं?

तेवढ्यात दुसरी भानगड कळली. चाचणीची लिंक मागच्या तुकडीची होती. कंपनीच्या मुलाला फोन लावला.

"एवढी एक लिंक बदल पटकन."

"मॅडम, ते पान खातं न उघडता बनवलंय. आता बदलता येत नाही."

लिंका चिकटवा, छोटा पत्ता घ्या, कुणी नाव-गाव विचारत नाही, अशी ही सोय. मग नंतर ते पान आपलं आहे हे सिद्ध तरी कसं करणार? आणि कोड तर छापून लोकांच्या गळ्यात पोचलेला.

म्हणून कोडमध्ये नेमकं काय भरलंय ते वाचलं. तिथे त्या पानाचा पत्ता नव्हताच, दुसऱ्याच एका सेवेची छोटी लिंक होती, ती त्या पानाकडे पाठवत होती. पत्ता लांब असला की कोडातले चौकोन वाढतात. नेहमीच्या क्यूआर कोडमध्ये सर्वांत लहान २१ बाय २१ चा, सर्वांत मोठा १७७ बाय १७७ चा. ओळखपत्रावर जागा बोटभर, म्हणून त्याने पत्ता आणखी आखूड करून घेतला होता. त्याच्या त्या काटकसरीनेच आम्ही वाचलो, कारण ही मधली लिंक दुसरीकडे वळवता आली असती.

"या लिंकचं खातं आहे का?"

"आहे मॅडम, पण पासवर्ड डिझायनरकडे आहे."

डिझायनर सकाळी साडेनऊला फोन उचलणाऱ्यांपैकी नव्हता. तोवर मी आमच्याच डोमेनवर, म्हणजे आमच्या स्वतःच्या वेबपत्त्यावर, साधं पान टाकलं: आठ ओळी, आठ लिंका, मीटिंग सगळ्यांत वर. मग शंका आली म्हणून टर्मिनल उघडून त्या छोट्या लिंकचे हेडर, म्हणजे सर्व्हर पानाआधी पाठवतो त्या सूचना, मागवले. उत्तर आलं ३०१. पोटात गोळाच आला. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या खेपेला मधल्या सर्व्हरला न विचारता थेट जुन्या जागी जातो. ३०२, म्हणजे तात्पुरतं स्थलांतर, असतं तर त्याने दर वेळी विचारलं असतं. म्हणजे सकाळपासून ज्यांनी ज्यांनी स्कॅन केलं, ते सगळे आता त्या जाहिरातीच्या पानालाच बांधलेले? खालची, हे किती वेळ लक्षात ठेवायचं ते सांगणारी ओळ वाचली: कॅश-कंट्रोल, मॅक्स-एज ९०. नव्वद सेकंद. आठवण दीड मिनिटाचीच होती.

दहाला दहा कमी असताना डिझायनर सापडला आणि लिंकचं तोंड आमच्या पानाकडे वळलं. एका केंद्राच्या नेटवर्कवर छोट्या लिंका सरसकट बंदच होत्या (फसवणूकवाले त्यांच्याआड लपतात, त्यामुळे ते योग्यच), त्यांना थेट पत्ता दिला. एकाने लिंक पडद्यावरून बघून हाताने टाइप केली, छोट्या एलच्या जागी मोठा आय, आणि पोचला भलतीकडेच. छोट्या लिंकच्या शेवटी असतो त्या अक्षरांच्या तुकड्यात लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं चालतात. सहा जागांत साधारण ५,६८० कोटी जुळण्या बसतात, म्हणून तर लिंका इतक्या आखूड होतात.

जेवणाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, "एखाद्या मोठ्या कंपनीचीच सेवा घेऊ ना." मी त्यांना गूगलची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये त्यांनी स्वतःची छोटी लिंक आणली, २०१९ मध्ये नव्या देणं थांबवलं, आणि जुन्याही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद होतील असं जाहीर केलं. शेवटच्या महिन्यात वापरातल्या लिंका राखायचं ठरलं. ज्यांनी त्या पुस्तकांत छापल्या होत्या त्यांचं तोवर काय झालं असेल! काही छोट्या लिंकांच्या पत्त्यात येणारा .एलवाय (.ly) हा शेवट तर लिबिया देशाचा. २०१० मध्ये तिथल्या नोंदणी संस्थेने अशीच एक सेवा, तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून, काढून घेतली होती. साहेबांनी पुढच्या खेपेला आमच्याच डोमेनवरचा, सगळी लहान अक्षरं असलेला पत्ता छापायला मंजुरी दिली.

संध्याकाळी त्या कंपनीचा अहवाल आला. क्लिक सहभागींच्या तिपटीहून जास्त, शेरा 'उत्तम प्रतिसाद'. त्यात सकाळी तीन-तीनदा स्कॅन करणारे होते, लिंकचं चित्र दाखवायला आपणहून पान उघडून बघणारी मेसेजिंग ॲप असणार, आणि मी होतेच. साहेबांनी तो आकडा तसाच सादरीकरणात घेतला.