‘…मल हिस मामाकडून सप्रेम भेट’

मुंबईत तीन दिवस होते. पहिला मावसभावाच्या मुलीच्या लग्नात गेला, दुसरा त्या लग्नाचा शीण काढण्यात. उरला शनिवार. हे सगळं लिखाण त्या शनिवारच्या चार तासांचं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्याही वीस मिनिटांचं.

मुक्काम गिरगावात, मावशीकडे. चोरबाजारात जाऊन येते म्हटल्यावर ती म्हणाली, “भंगारच बघायचं असेल तर आमच्या पोटमाळ्यावर चढ की.” चढले होते मी आदल्या दिवशीच. प्लास्टिकच्या बादल्या, बंद पडलेला मिक्सर आणि एक गणपतीचं मखर. पितळेची वाटीसुद्धा नाही. सगळं कधीच मोडीत गेलेलं.

शनिवार निवडण्यामागे एक जुना पोपट आहे. मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, पहाटेपासून. दोन वर्षांपूर्वी मी हौसेने शुक्रवारीच गेले, तेही सकाळी अकरा वाजता, आरामात नाश्ता करून. तोपर्यंत जे काही हाती लागण्यासारखं असतं ते जाणकारांनी टॉर्च मारून उचललेलं असतं. माझ्या वाट्याला मोबाइलचे चार्जर, रिमोटचे ढीग आणि डाव्याच पायाचे बूट आले. आणि धक्के. इतके धक्के की पर्स छातीशी धरून चालण्यापलीकडे मी काहीही बघितलं नाही.

या वेळी शहाणपणाने खेतवाडीतून चालत निघाले. गोल देऊळ, नळ बाजार, आणि मग मटन स्ट्रीट. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. टॅक्सी करू नका, आत शिरल्यावर टॅक्सी तुमच्यापेक्षा हळू चालते.

या बाजाराच्या नावाची गोष्ट एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. म्हणे मूळ नाव ‘शोर बाजार’, इंग्रजांना ‘श’ जमेना म्हणून ‘चोर’ झालं. शेजारच्या भेंडी बाजाराचंही तेच: क्रॉफर्ड मार्केटच्या ‘बिहाइंड द बाजार’चं ‘भेंडी बाजार’ झालं म्हणे. आपल्या किनाऱ्यावर भेंडीची (भाजीची नव्हे, मोठी) झाडं ढिगाने असताना नाव इंग्रजीतूनच यायला हवं, हा हट्ट कशासाठी कोण जाणे. त्याहून कमाल म्हणजे व्हिक्टोरिया राणी मुंबईला आली असताना तिचं व्हायोलिन चोरीला गेलं आणि याच बाजारात सापडलं, ही गोष्ट. राणी हिंदुस्थानात कधी आलीच नाही! पण दर दोन दुकानांआड कुणीतरी ती कुण्या परदेशी पाहुण्याला ऐकवत असतं, आणि पाहुणा मान डोलवत असतो.

बाजार मला आवडतो, हे आधीच सांगते, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे. काचेची झुंबरं, मुंबईच्या दारूखाना बंदरात नाहीतर गुजरातेत अलंगला फोडलेल्या जहाजांचे कंदील, हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं, बर्मा सागाच्या आरामखुर्च्या, एनॅमलच्या पाट्या. एका ठिकाणी देवनागरी कळफलकाचं गोदरेज टंकलेखन यंत्र दिसलं. गोदरेजने भारतात बनलेलं पहिलं टाइपरायटर १९५५ साली बाजारात आणलं. हे त्यानंतरचं, कुठल्यातरी सरकारी कचेरीत झिजलेलं. ‘क्ष’ची कळ दाबली, ती खाली गेली ती वर आलीच नाही. मी गुपचूप पुढे सरकले.

कुरकुर अशी की इथे प्रत्येक वस्तू ‘सौ साल पुराना’ असते. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे ही मंडळी खरं बोलत असतील तर अर्ध्या गल्लीला परवाना लागेल. तसं काही नाही. पितळी होकायंत्रावर लंडनचं नाव आणि दीडशे वर्षांपूर्वीचं साल कोरलेलं असतं, आणि ते आलेलं असतं रूडकीहून नाहीतर मुरादाबादहून, बहुधा मागच्या महिन्यात.

मला हे कसं कळलं? शिकण्याची फी भरून. सहा वर्षांपूर्वी मी इथून एक ग्रामोफोन नेला. मोठा चकचकीत कर्णा, समोर कुत्र्याचं चित्र. सात हजार. घरी आजोबांच्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांपैकी एक लावली. सुई धरणारा साउंडबॉक्स इतका जड की सुईने लाखेची तबकडी अक्षरशः नांगरली. तीन मिनिटांच्या गाण्याचा शेवटचा अर्धा मिनिट आता कायमचा करकरतो. पुढे एका संग्राहकाने सांगितलं की कर्णा नवा, लाकूड नवं, आतली चावीची मोटर तेवढी कुठल्यातरी जुन्या पेटीतली. आमच्याकडे त्या कर्ण्यात आता मनीप्लांट आहे.

रवि वर्म्याच्या चित्रांचं तसंच. ‘असली प्रेस का है’ म्हणत एकाने लक्ष्मी काढली, साडीला जर आणि टिकल्या चिकटवलेली. तो छापखाना १८९४ साली निघाला तो आमच्या गिरगावातच, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला तो नंतर, त्यामुळे मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघितलं. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे असतात. इथे ठिपके रांगेत उभे होते, शाळेच्या कवायतीसारखे. टिकल्या मात्र जुन्या होत्या. हे मला अजून कळलेलं नाही.

तर ती वीस मिनिटं.

गल्लीच्या जवळजवळ टोकाला जिन्याखालच्या खबदाडात एक दुकान. चाचा स्टुलावर बसून कटिंग पीत होते. इथे झुंबर नाही, जहाज नाही. नुसता पितळ-तांब्याचा ढीग, आणि तो ढीग बघून मी जागच्या जागी उकिडवी बसले. समया, घंगाळं, अडकित्ते, पानाचे डबे, मोदकपात्र, सोऱ्या, बंबाची सुटी तोटी. बाकीच्या गल्लीत साहेबाच्या बंगल्यातलं सामान होतं. इथे माझ्या आजीचं स्वयंपाकघर उपडं केलेलं होतं.

त्यात एक फिरकीचा तांब्या. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: तोंडाला आटे, वर फिरवून बसणारं झाकण, धरायला कडी. प्लास्टिकच्या बाटल्या यायच्या आधी रेल्वेत पाणी न्यायचं ते यातून. झाकण फिरवून बघितलं, दोन वेढ्यांत घट्ट बसलं. म्हणजे झाकण त्याचंच. बुडाची कड वर्षानुवर्षं ठेवून-उचलून गुळगुळीत झालेली, एका बाजूला पोचा. इतकं कुणी मुद्दाम करत नाही.

आमच्याकडे होता असा. आम्ही नाशिकचे, म्हणजे तांबट आळी आणि भांडीबाजारवाले. आमच्या गावचं पितळ सगळीकडे गेलं आणि मी पितळ शोधायला मुंबईत, हा विनोद माझ्या लक्षात आलेला आहे. आजीने तो तांब्या, घंगाळ आणि चार पातेली मोड म्हणून देऊन स्टीलचे डबे घेतले. आम्ही नातवंडांनी मोठेपणी हळहळ व्यक्त केली की ती फटकारायची, “चिंच आणि राख घेऊन बसा रोज तासभर, मग बोला.” कल्हईवाला महिनोन्‌महिने फिरकत नसे, ताकाची कढी कळकायची, ते वेगळंच. तिला त्या सौद्याचा जराही पश्चात्ताप नव्हता. मला आहे, कारण घासायला मी नव्हते.

तांब्याच्या पोटावर टिंबाटिंबांची अक्षरं होती. पूर्वी भांड्यांच्या दुकानात छिन्नीने नाव घालून देत तशी. प्रकाशाकडे तिरका धरला. ‘चि. सौ. कां.’ स्पष्ट. मग एक अक्षर पार पुसलेलं. मग ‘मल हिस मामाकडून सप्रेम भेट’. खाली १२-५-५४.

“कितने का?”

“अट्ठाईससौ.”

मोडीच्या भावाने त्याचे पाचशेच्या आतबाहेर आले असते. मी चेहरा पाडला आणि जे बोलले ते बोलले. “इसपे तो किसी का नाम है.”

मला भाव पाडायचा होता, दुसरं काही नाही. पोच्याकडे बोट दाखवता आलं असतं. मी नावाकडे दाखवलं.

चाचांनी तांब्या हातात घेतला, अंगठा फिरवला. “नाम का क्या है, अभी बफ मार देता है. दस मिनट. एकदम साफ. उसका पैसा नहीं लेगा.” आणि पोराला हाक मारलीसुद्धा. पोरगा आला, हात पुढे केला, तांब्या त्याच्या हातात गेला.

“नको नको, राहू दे!” मी ओरडले. चक्क मराठीत, आणि इतक्या जोरात की समोरचा झुंबरवाला बाहेर आला.

चाचा हसले, मग तेही मराठीत. “तुमचेच लोक नाव काढून मागतात, ताई. दुसऱ्याचं नाव घरात कशाला, म्हणतात. हॉटेलवाले तर नाववाला माल हातात पण घेत नाही.”

मग मला ते दिसायला लागलं. घंगाळाच्या कडेला एक चकचकीत पट्टा. पानाच्या डब्याच्या झाकणावर मधोमध किंचित खोलगट गुळगुळीत जागा. समईच्या तळाला. एकदा डोळा बसला की ढिगात तेवढंच दिसतं. बाकीचं भांडं काळवंडलेलं आणि तिथे तेवढा उजेड.

हा माल येतो कुठून, विचारलं. “घर खाली होते हैं. बिल्डिंग गिरता है, सामान हमारे पास आता है.” एवढं म्हणून त्यांनी वर मान केली. गल्लीच्या डोक्यावर भेंडी बाजाराच्या पुनर्विकासातले मनोरे उभे आहेत, साडेसोळा एकरांचं काम. उद्या इथल्या खबदाडांचं काय होणार ते चाचांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घासाघीस अर्थातच मी हरले. ‘नको नको’ असं किंचाळलेल्या बाईला कोण सूट देतं? अठराशेला दिला, वर एक चहा. तुम्ही गेलात तर आवडलेल्या वस्तूकडे शेवटपर्यंत बघू नका म्हणतात. मला ते कधीच जमलेलं नाही.

येताना भेंडी बाजारात नल्ली निहारी खाल्ली. मावशी हे वाचत नाही, म्हणून लिहिते.

घरी आल्यावर मावशीने चष्मा लावला, मग काढून ठेवला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. “विमल असेल. नाहीतर कमल. आमच्या शाळेत वर्गात दोन-दोन असायच्या.” मग म्हणाली, “मामाने फिरकीचा तांब्या दिलाय, म्हणजे सासर लांबचं. गावातल्या गावात दिलेल्या पोरीला कोण प्रवासाचा तांब्या देतंय?” मला हे सुचलंच नसतं. मी तांब्याचे आटे बघत बसले होते.

मी म्हटलं, पहिलं अक्षर तेवढं कुणीतरी बफ केलेलं दिसतंय. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी भांडं कधी हातात धरलेलंच नाही. “बफ कसला? हे बघ.” तिने तांब्या डाव्या हाताने गळ्याशी धरला आणि उजव्या हाताने घासायची नुसती ॲक्शन केली, गोल गोल. तिचा तळवा बरोब्बर त्या पुसलेल्या अक्षरावर येत होता. “तिनंच घासून घालवलंय.”

आणि हे बोलून उठली ती थेट पितांबरीचा डबा घेऊन आली. मला तांब्या पिशवीत घालून अक्षरशः पळवावा लागला.

संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकला परत निघाले. हौस म्हणून तांब्यात पाणी भरून घेतलं होतं. कल्याण गेल्यावर समोरच्या आजींची नजर त्याच्यावर गेली. किती वर्षांनी बघितला म्हणत त्यांनी हातात मागून घेतला, दिव्याकडे धरला, अक्षरं लावायचा प्रयत्न केला.

“आईंचा का तुमच्या?”

“हो,” मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. चोरबाजाराची सगळी गोष्ट सांगायचा कंटाळा, दुसरं काय.

“नाव काय त्यांचं? पहिलं अक्षर लागत नाहीये.”

“विमल.”

त्यांनी मान हलवली आणि तांब्या परत दिला. मी तो मांडीवर घेऊन बसले. आटे एवढे घट्ट वाटत होते, पण कसारा येईपर्यंत माझा ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजला होता.