खुण्या मुरलीधर

पुण्यात देवांनाही टोपणनावं आहेत, आणि ती काही फार लाडानं ठेवलेली वाटत नाहीत. उपाशी विठोबा, सोट्या म्हसोबा, पत्र्या मारुती. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, या लोकांनी देवालासुद्धा सोडलं नाही. खरं तर यातली बरीच नावं म्हणजे नुसता पत्ता. पासोड्या विठोबापाशी पासोड्या विकायला असायच्या, शनिवारवाड्यासमोर बटाट्यांचा बाजार भरायचा म्हणून तिथला बटाट्या मारुती. संपलं.

आमच्या दादाला हे सगळं पाठ होतं. पण रडून लाल झालेल्या पोरीला सकाळी सकाळी ॲक्टिव्हावर पुढे उभी करून बालवाडीत पोचवायचं असेल, तर बटाट्यांच्या बाजाराचा काय उपयोग?

पोचवायचं काम त्यानं मागून घेतलं होतं. हिंजवडीची कंपनीची बस चुकायची, मग स्वतःच्या गाडीनं तडफडत जायचा, पण शाळेची फेरी सोडायची नाही. वेण्याही तोच घालायचा. एक कानावर, एक पार मानेवर. वहिनी वैतागली की म्हणायचा, "एक सदाशिव पेठेत आहे, एक नारायण पेठेत. दोन्ही पुण्यातच आहेत ना?"

शाळा खरं तर जवळ होती. हा मात्र देव घेत घेत जायचा. उपाशी विठोबा आला की पोरगी विचारणार, हा उपाशी का? "डब्यात तोंडली होती. म्हणाला, मी नाही खाणार." मग? "मग काय, रखुमाईनं साबुदाण्याची खिचडी टाकली. उपासाला चालते." पत्र्या मारुतीची गोष्ट तर दर पावसाळ्यात लांबायची. मारुतीनं लंकेहून परत येताना नारायण पेठेतल्या एका घरावर उडी मारली, पत्रे वाकले, आणि मालकानं ते डिपॉझिटमधून कापून घेतले. पाच वर्षांच्या मुलीला डिपॉझिट काय कळणार? पण हसायची. मला वाटतं, बाप हसतोय म्हणून हसायची.

अडचण होती ती खुन्या मुरलीधराची. सदाशिव पेठेतलं हे देऊळ १७९७ सालचं, गद्रे सावकारांचं. मूर्तीवरून चकमक झाली, पहाऱ्यावरचे अरब आणि समोरचे शिपाई एकमेकांवर तुटून पडले, माणसं मेली, आणि बिचाऱ्या मुरलीधराला ते नाव चिकटलं, असं सांगतात. पुढे १८९९ मध्ये चापेकर प्रकरणातल्या द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही याच भागात. आता हे सकाळच्या वेळी, एका हातात पाण्याची बाटली धरलेल्या मुलीला कोण सांगणार? दादानं गाडीचा वेग जरासुद्धा कमी न करता 'न'चा 'ण' केला. "खुण्या! वर्गात बोलायला बंदी होती ना, म्हणून हा राधेला खुणा करायचा." तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी दोघांच्या खुणा ठरल्या. नाकाला बोट म्हणजे 'लवकर ये'. कान पकडला म्हणजे 'येतो'.

दादा ३८व्या वर्षी गेला. पोटाचं दुखणं होतं, फार वेळ मिळाला नाही. तोंडानं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला म्हणाला, "बाहेर पाटी लाव. उपाशी विठोबा, दर्शनाची वेळ चार ते सहा." मी हसलो. बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन काय केलं ते लिहीत नाही.

आता ती पाचवीत आहे. परवा 'माझ्या गावातील देवळे' असा प्रकल्प होता. बाईंनी वही परत दिली ती 'खुण्या'तल्या 'ण'भोवती लाल गोल करून. शेजारी शेरा : शुद्धलेखन पाहा. वहिनी म्हणाली, भावजी, तुम्हीच सांगा तिला. मी आपला घसा साफ करून १७९७ पासून सुरुवात केली. अरब आले, शिपाई आले. तिनं पेन्सिलीला टोक काढता काढता सगळं ऐकून घेतलं.

"माहितीये मला. मी दुसरीत असतानाच पकडलं होतं बाबाला."

"मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, आता तू मोठी झालीस, उद्यापासून पेट्रोलचे पैसे तू द्यायचे."

मग टोक नीट निघालंय का ते बघत म्हणाली, "काका, गणेश पेठेतला डुल्या मारुती राहिला बघ. तो का डुलतो?"

हे मला येत होतं. म्हटलं, १७६१ साली तिकडे पानिपतावर लढाई चालू होती, तेव्हा इकडे हा मारुती—

"ते नको रे. नीट सांग."