पोर्ट लुईत उतरताना: भारत–मॉरिशस संबंधांच्या खुणा पाहणाऱ्यांसाठी

मॉरिशसला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी समुद्रकिनारे पाहून परततात. आम्ही मात्र भारत आणि या बेटाचे नाते जिथे प्रत्यक्ष दिसते अशाच जागा निवडल्या. अशा प्रवासाचा आरंभ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटापासून करावा. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून आलेल्या मजुरांपासून सुरू झालेल्या गिरमिट पद्धतीत (ठरावीक वर्षांच्या कराराने मजूर नेण्याच्या पद्धतीत) भारतातून सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आणली गेली आणि त्यांतील बहुतेकांना याच बंदरावर नोंदणी होऊन उसाच्या मळ्यांवर धाडण्यात आले. 2006 पासून जागतिक वारसा असलेल्या या वास्तूत पाहण्यासारखे फार थोडे उरले आहे: काळ्या दगडाच्या भिंती, काही खोल्या आणि गलबतातून उतरलेला माणूस चढत असे त्या 16 पायऱ्या. तरीही शेजारच्या माहिती केंद्रासह येथे किमान दोन तास द्यावेत. रविवारी घाट बंद असतो, हे ध्यानात ठेवावे.

मजुरांच्या मूळ नोंदवह्या मात्र घाटावर नसून मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. भारत आणि मॉरिशस यांनी मिळून 1970 च्या दशकात ही संस्था उभारली. नोंदीत नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात आणि गाव-जिल्हा असा तपशील असतो. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि साताऱ्याकडील माणसेही होती. या कागदांना आजही किंमत आहे. मार्च 2024 मध्ये भारताने मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ओसीआय कार्डाची (परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणाऱ्या कार्डाची) सोय जाहीर केली, तेव्हापासून पणजोबांच्याही मागच्या पूर्वजाची नोंद शोधण्याला व्यावहारिक अर्थ आला आहे. अभिलेखागार पाहायचे असल्यास आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. आयत्या वेळी गेल्यास दारातून परतावे लागेल.

मोकाकडे जाण्यासाठी मेट्रो एक्स्प्रेस सोयीची आहे. भारताच्या आर्थिक साहाय्याने लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही मार्गिका रोझ हिलहून एबेनमार्गे रेदुईपर्यंत जाते आणि पुढचे थोडे अंतर टॅक्सीने होते. वाटेत लागणाऱ्या एबेनमध्ये थांबून पाहण्यासारखे काही नाही, पण दोन्ही देशांच्या व्यापाराचा विचार करणाऱ्याने तेथील वित्तीय कंपन्यांच्या काचेच्या इमारतींकडे एक नजर टाकावी. दोन्ही देशांतील 1983 पासूनच्या करविषयक करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात गुंतवणूक करणाऱ्याला शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर द्यावा लागत नसे. 2016 च्या दुरुस्तीने ही सवलत 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरपुरती संपली. उशिरा झाले, पण योग्य झाले, असे माझे मत आहे. दोन्ही देशांतील 1 एप्रिल 2021 पासून लागू असलेला व्यापार करार हा भारताचा आफ्रिकेतील देशाशी झालेला असा पहिला करार होय, मात्र बाजारपेठेत फिरताना त्याची जाणीव फारशी होत नाही.

पैशांबाबत सांगायचे तर फेब्रुवारी 2024 पासून येथे यूपीआय सुरू झाले असले, तरी बाजारातल्या लहान दुकानांसाठी मॉरिशसचे रुपये जवळ ठेवावेत. नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी मजकूर दिसतो.

मराठी वाचकाने शक्य असल्यास गणेश चतुर्थीच्या सुमारास जावे, कारण येथे त्या सणाची सार्वजनिक सुटी असते. पश्चिमेकडील कास्काव्हेल परिसरात मराठी वस्ती जुनी आहे. कोकणातल्या जाखडी या गाण्या-नाचाच्या लोककलेचे येथील रूप ‘झाकरी’ नावाने टिकून आहे. घरी क्रिओल ही फ्रेंचवर आधारलेली स्थानिक भाषा बोलणाऱ्या तरुणांच्या तोंडी ते ऐकताना शब्द सगळे कळत नाहीत, पण ताल ओळखीचा वाटतो. पाहुणा म्हणून थांबायचे असल्यास मंडळातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे आणि चित्रीकरण त्यांच्या संमतीनेच करावे. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सप्टेंबरात हिवाळा सरत असतो, त्यामुळे क्युरपीपच्या पठारावर संध्याकाळी स्वेटर लागतो. सुटीच्या दिवशी अभिलेखागारासारखी कार्यालये बंद राहतात, म्हणून कागदपत्रांचे काम सणाच्या आधीच उरकावे.