थ्री नॉट थ्री: पुंगळी अडकली की आधी तिची कड बघा

थ्री नॉट थ्री (.३०३) रायफलीची पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर आली नाही की पहिलं बोट एक्स्ट्रॅक्टरकडे, म्हणजे नखीनं पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाकडे जातं. नवा एक्स्ट्रॅक्टर शोधायला निघण्याआधी ती पुंगळी भिंगाखाली धरा. तिच्या बुडाच्या कडेवर खोल ओरखडा असेल किंवा कडेचा तुकडाच निघाला असेल, तर नखीनं पुंगळी घट्ट धरली होती, पुंगळीच चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) सोडत नव्हती. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा क्षार हवेतली ओल खेचतो आणि चेंबर गंजतं. हा क्षार तेलानं जात नाही, पाण्यानंच जातो. गरम पाणी, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेल. कड मात्र जवळपास कोरी असेल आणि पुंगळी चेंबरातच राहिली असेल, तर एक्स्ट्रॅक्टर खोलायचा.

इथलं वर्णन एसएमएलई (शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड) नंबर १ मार्क ३ चं, म्हणजे बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनलेल्या रायफलीचं आहे. मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) पूर्ण मागे ओढा, बोल्ट हेड, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर असलेलं त्याचं पुढचं टोक, वर फिरवून पट्टीवरून सोडवा, बोल्ट बाहेर येतो.

आता सुटा बोल्ट हातात आडवा धरून नखीत डमी काडतूस अडकवा. बारूद असलेलं काडतूस इथे चालत नाही. हलकं हलवल्यावरही डमी जागेवर राहिलं पाहिजे. पडलं, तर एक्स्ट्रॅक्टर अंगठ्यानं बाहेर रेटून सोडा. झटकन परतला तर स्प्रिंग ठीक आहे, दोष नखीच्या झिजेत शोधा. रेंगाळत परतला तर आधी साफसफाई करा. नखीखाली काजळी आणि सुकलेलं ग्रीस दगडासारखं बसतं. बऱ्याचदा दुखणं इतकंच निघतं.

साफ करूनही फरक नसेल तर स्क्रू काढा. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं हवं, स्क्रू खराब झाला तर दुसरा सहज मिळत नाही, कारण हे आटे एनफिल्डचे स्वतःचे आहेत आणि बाजारातला मेट्रिक स्क्रू तिथे बसत नाही. बोल्ट फडक्यात धरा, स्प्रिंग उडाली की शोधत बसावं लागतं. नखीची धार सरळ आणि चौकोनी हवी. गोल झालेली किंवा कोपरा उडालेली नखी कानशीनं धार लावून वाचत नाही, घासल्यावर तिची पकड आणखी कमी होते. स्क्रूचं भोक लांबट झालं असेल तर एक्स्ट्रॅक्टर डगडगतो. स्प्रिंगवर बारीक तडा किंवा गंजाचे ठिपके दिसले तर ती बदला. ताण वाढवायला ती वाकवू नका.

या रायफलीत स्प्रिंगचं काम दुहेरी आहे. ती पुंगळीची कड डावीकडे दाबून ठेवते, म्हणून तोंड चेंबरातून सुटताच पुंगळी उजवीकडे उसळते. डावीकडचा इजेक्टर स्क्रू (पुंगळी बाहेर फेकण्यासाठीचा) फक्त आधाराला आहे. त्यामुळे पुंगळी निघते पण आतच लोळते, तेव्हा इजेक्टरला दोष देण्याआधी स्प्रिंग बघावी.

इशापूरच्या २ए आणि २ए१ या रायफली याच वळणाच्या दिसतात, पण त्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाच्या आहेत. .३०३ च्या पुंगळीची कड बाहेर आलेली, सुमारे १३.७ मिलिमीटर. ७.६२ ची सुमारे १२, आणि तिथे नखी खोबणीत बसते. दोन्हींचे एक्स्ट्रॅक्टर अदलाबदल करून चालत नाहीत. बोल्ट हेड बदललं, तर गेजनं हेडस्पेस, म्हणजे बोल्ट हेड आणि नळी यांच्यामध्ये पुंगळीच्या कडेसाठी राहणारी जागा, मोजल्याशिवाय गोळी झाडू नका. .३०३ ला मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच.