तिसरा हिस्सा की चौथा?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. कुडाळजवळच्या आमच्या शेडमध्ये आम्ही गावातल्या लोकांची ओली मिरी घोसांतून सोडवतो, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवतो आणि वाळवून देतो. त्या दिवशी एक भाऊ काट्यासमोर पाय रोवूनच उभे राहिले.

"सव्वीस किलो दाणे दिलंय आणि साडेसहा किलो हातात? बाकीची मिरी खंय गेली?"

ओल्या मिरीत दोनतृतीयांश पाणीच असतं, हे हंगामात रोज कुणाला तरी सांगावं लागतं. हिरवा दाणा दाताखाली फुटतो, रस येतो आणि तिखट लागायच्या आधी हिरव्या पानाचा वास नाकात चढतो. तोच दाणा उन्हात आक्रसतो, सालीवर सुरकुत्यांची जाळी पडते, ताटात ओतला तर खडखडतो. ओलावा १०-११ टक्क्यांवर आला की पोत्यात. हे सगळं मी घडाघडा बोलून टाकलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेजाऱ्याक तिसरो हिस्सो गावलो, माका चौथो. तेच्या मिरयेत पाणी कमी होता?"

प्रश्न चोख होता. खरं सांगतो, क्षणभर माझी नजर आमच्याच पोऱ्याकडे गेली.

शेजाऱ्याचं पोतं अजून शेडमध्येच होतं. मी लिटरचं माप काढलं. दोघांची मिरी काठोकाठ भरली, वरून पट्टी फिरवली. शेजाऱ्याची भरली ५६० ग्रॅम, भाऊंची ४३०. दिसायला दोन्ही सारखीच काळीभोर. उकळत्या पाण्यातून काढली की कोवळ्या मिरीलाही तोच रंग चढतो, त्यामुळे डोळा हमखास फसतो. मग भाऊंच्या ढिगातला एक दाणा चिमटीत दाबला. कट्‌कन चुरला, आत जवळजवळ पोकळ. शेजाऱ्याचा दाबताना माझाच अंगठा दुखला.

"घोसात एक तरी दाणा लाल झाला होता का हो, तोडताना?"

भाऊ काही बोलले नाहीत. एकेक दाणा उचलून स्वतः दाबत राहिले, आधी आपले, मग शेजाऱ्याचे. पोऱ्या मधेच चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला.

"पुढच्या वर्षी एक-दोन दाणे लाल होईपर्यंत थांबा," मी म्हटलं. "दाणा आत भरायला वेळ लागतो."

भाऊंनी पोतं खांद्यावर घेतलं. "थांबतंय रे," ते म्हणाले. "पण लाल दाणो दिसलो की पाखरा येतत. तेंका कोण सांगतलो?"