सायबीण घरी आली तेव्हा

माझे माहेर वसईचे. लग्न होऊन गोव्याच्या बार्देशातल्या या गावात आले त्याला आता सत्तावीस वर्षे होतील, तरी माझी प्रार्थना अजून मराठीतच उमटते. इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, मिस्सेची उपासना कोकणीत असते. ओठ सगळ्यांबरोबर कोकणी बोलतात आणि मन वसईच्या मराठीतून दोन पावले मागून येत राहते. एरवी मला याचे काही वाटत नसे, पण यजमान गेले त्या वर्षी ती दोन पावलेही फार झाली.

चार वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, ते गेले. छातीत कळ आल्यापासून सगळे संपेपर्यंत जेमतेम दीड तास लागला. पुढचे तीन महिने आमच्या घरात ‘मरण’ हा शब्द कोणी उच्चारला नाही. ‘तुमच्यावर आलेली वेळ’, ‘ते असताना’, ‘झाले ते झाले’ अशा आडवाटांनी सगळे बोलत, आणि मीही तशीच बोलू लागले होते. भेटायला येणारी माणसे चांगल्या मनाची होती. त्यांतल्या काहींनी देवाची इच्छा म्हणून समजूत घातली, तर एकांनी चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात असे सांगितले. या वाक्याचा मला आजही राग येतो, कारण त्यात देव एखाद्या हावऱ्या भाटकारासारखा, जमीनदारासारखा दिसतो. शुभवर्तमानातला येशू असे काही बोलत नाही. त्याचा मित्र लाझरस मरून चार दिवस झाल्यावर तो बेथानीला पोचतो, ‘तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता’ हा दोन्ही बहिणींचा ठपका ऐकून घेतो, आणि आता काही वेळातच त्याला उठवायचे आहे हे ठाऊक असूनही आधी रडतो.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. त्या सुमारास आमच्या वाड्यावर भोंवडेची सायबीण फिरते. मरियामातेची ती लहानशी मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी नेतात, तिथे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, गाणी होतात, उकडलेले चणे वाटले जातात, आणि ती रात्र सायबीण त्या घरी राहते. त्या वर्षी आमचे घर वगळा असा निरोप मी पाठवला होता. चणे उकडायचे, फुले आणायची, चार माणसांना हसून ‘या’ म्हणायचे, यांतले काहीच माझ्याने होणार नव्हते. त्यावर वाड्यावरच्या एका वयस्क बाईंचा उलट निरोप आला: ‘सायबीण येतली. तुमी फकत दार उगडें दवरात.’

मी दार उघडे ठेवले. चणे त्यांनीच आणले, मेणबत्त्याही त्यांच्याच होत्या. तेर्स सुरू झाला तेव्हा मी भिंतीला टेकून गप्प बसले होते. ‘नमान मारिये’ या प्रार्थनेच्या शेवटी आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, असे मागणे आहे. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली ही ओळ त्या रात्री मला पहिल्यांदा ऐकू आली. तेर्सात दहा-दहा मण्यांची पाच दशके, म्हणजे ही ओळ पन्नास वेळा. माझ्या घरात, माझ्या यजमानांच्या तसबिरीखाली, पंधरावीस माणसांनी पन्नास वेळा ‘मरण’ म्हटले, आणि तेही आवाज खाली न आणता, जसे आपण भाकरीबद्दल किंवा पावसाबद्दल बोलतो तसे. शेजारची सात वर्षांची मुलगी जांभया देत तेच म्हणत होती. तिसऱ्या दशकाच्या आसपास मी त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. दुःख हलके झाले असे मी म्हणणार नाही. पण जी गोष्ट मी एकटी लपवून बसले होते ती सगळ्यांची होती, आणि ‘आता’ आणि ‘मरणाची वेळ’ या दोहोंच्या मध्ये कोणीतरी आपल्यासाठी विनवत उभे आहे, एवढे मला त्या रात्री उमजले.

हे कोणाला सांगावे का, हा प्रश्न गोव्यात सोपा नाही. श्रद्धा वाटून घ्यावी हे आमच्या धर्माचेच सांगणे. पण ज्या भूमीवर 1560 पासून 1812 पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालले, तिथे ‘श्रद्धा वाटणे’ या शब्दांना जुनी जखम आहे. ती नाकारून बोलणे मला अप्रामाणिक वाटते. त्याच काळात 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते 1616 साली राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे का देत नाही? त्या प्रश्नातले उघडे पडलेपण मला फार आतून कळते. दिलासा हवा तर तो आपल्या भाषेत, आपल्या चालीत हवा, आणि तो मागायची वेळ का आली हेही विसरता येत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या पेडण्याकडच्या वहिनींचा धाकटा भाऊ दुचाकीच्या अपघातात गेला. वहिनी हिंदू, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला दर वर्षी फेस्ताला तेल घालतात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण अशी त्यांच्याकडची श्रद्धा. मी त्यांच्याकडे रोज दुपारी जाऊ लागले. जाताना पेजेचा डबा नेत असे, आणि मनात बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र धरत असे. ते तिघे सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. चुकले ते तोंड उघडल्यावर. माझ्या जिभेवरही वाक्ये येत. स्वर्ग, पुनरुत्थान, पुन्हा भेट, या सगळ्यांवर माझा विश्वास आहे, आणि तरी ती वाक्ये मी गिळत असे, कारण भाऊ गमावलेल्या बाईच्या दुःखात माझ्या धर्माची संधी शोधणे मला चोरीसारखे वाटे.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनीच विचारले, ‘बाई, तुमच्याकडे सायबीण येते त्या रात्री तुम्ही सगळी परत परत काय म्हणता? इकडे ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत.’

मी त्यांना मराठीत सांगितले, एकेक ओळ सुटी करून. शेवटची ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि डबा धुऊन द्यायला उठल्या.